घरची कीर्द आणि मुलांची पदवी

मृगाचा पहिला पाऊस पडला, कीं आमच्या पलूसच्या बाजूस घरोघर दोनच विषय निघतात. एक पेरणीचा आणि दुसरा परीक्षेच्या निकालाचा. पेरणीच्या बाबतींत आमची मंडळी किती सावध असते! रान कोणतें, ओल किती खोल गेली, बियाणें कोठून आणलें, गांठीला पैसा किती आणि सोसायटीचें मागील देणें किती, हें सर्व पाहिल्याखेरीज शहाणा गृहस्थ कुरी बाहेर काढीत नाहीं. पण घरचा मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आली, कीं हा सारा सावधपणा कोठें जातो कोण जाणे. शेजारच्या रानांत काय उगवलें आहे एवढें पाहून आपणही तेंच पेरावयास निघतों. आम्हीं स्वतः ही चूक केलेली आहे आणि तिची किंमत आमचें घर अजून भरीत आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

सोप्यावरील सभा

आमची धाकटी पुतणी गेल्या वर्षीं फायनान्स हा विशेष विषय घेऊन बी. कॉम. झाली. निकालाच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरची वडील मंडळी सोप्यावर जमली. थोरल्या बंधूंच्या मतें तिनें सीए व्हावें. कारण सीएला चार लोकांत मान असतो. पुण्याहून आलेल्या भाचेजांवयांनीं एमबीएचा आग्रह धरला. आत्याबाईंचें म्हणणें असें पडलें, कीं तिनें बँकेच्या परीक्षा द्याव्यात; नोकरी कायमची, आणि पुढें लग्नाच्या गोष्टी निघाल्या म्हणजे सोयीची. आम्हींही आपलें शहाणपण पाजळून परदेशांतील एका पदवीचें नांव घेतलें. तासभर ही चर्चा रंगली. मुलगी खांबाला टेकून ऐकत होती. शेवटीं ती हळूच म्हणाली,

"काका, मीं काय शिकावें तें तुम्ही सगळे सांगतां. पण आपल्या घरांत पैसे किती आहेत आणि देणें किती आहे, हें मला आजवर कोणींच सांगितलेलें नाहीं. तीन वर्षें मीं दुसऱ्यांचे ताळेबंद वाचले. आपल्या घरचा मात्र पाहिलेला नाहीं. तो पाहिल्याशिवाय मी निवड कशी करूं?"

सोप्यावर एकदम सामसूम झाली. थोरले बंधु अडकित्ता हातांत घेऊन उगाच पाहत राहिले. त्या शांततेचें कारण सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. पण तें सांगितल्यावांचून पुढील लेखास कांहीं अर्थ राहणार नाहीं.

आमचा थोरला पुतण्याही वाणिज्य शाखेचाच पदवीधर. कांहीं वर्षांपूर्वीं असाच सोप्यावर बसून आम्हीं त्याच्यासाठीं एमबीएचा निर्णय घेतला. संस्थेचें माहितीपत्रक गुळगुळीत होतें, इमारत कांचेची होती, आणि तेथील विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरासरी पगाराचा आंकडा डोळे दिपविणारा होता. बँकेचें शैक्षणिक कर्ज पुरेना, तेव्हां द्राक्षबागेवर आणखी कर्ज काढलें. ही गोष्ट आम्हीं त्याच्यापासून लपवून ठेवली. 'मुलाच्या मनावर ओझें नको, त्यानें निश्चिंत अभ्यास करावा,' असा आमचा प्रेमळ विचार! दोन वर्षांनीं त्याला जी नोकरी मिळाली, तिचा पगार बी. कॉम. होतांच कामाला लागलेल्या त्याच्या मित्रांच्या पगाराहून थोडाच अधिक होता. त्याच साली अवकाळी पावसानें द्राक्षांचे घड बागेंतच कुजले, हप्ते थकले, आणि बागेवर कर्ज आहे ही गोष्ट त्या मुलाला बँकेच्या पत्रावरून कळली. तो घरीं आला, कोणावर रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मला आधीं सांगितलें असतें, तर मीं दुसरी वाट धरली असती."

हें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं. संस्थेला दोष देऊन हात झटकणें सोपें आहे. पण माहितीपत्रकावर विश्वास ठेवला तो आम्हीं, आणि ज्याला हिशेब कळत होता त्याच्यापासून हिशेब लपविला तोही आम्हींच.

कोणतें काम कोणाला

आमच्या गांवाजवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० सालीं औंध संस्थानच्या हद्दींतील कुंडलच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं हें गांव वसविलें, ही कथा आमच्याकडे लहान मुलेंही जाणतात. तीच कथा शिक्षणाच्या निवडीच्या दृष्टीनें पुन्हां एकदां पाहण्यासारखी आहे.

लक्ष्मणराव मुंबईस गेले ते चित्रकला शिकण्यास. जे. जे. कलाशाळेंत असतां त्यांना रंगांधळेपणाचा दोष असल्याचें दिसून आलें. चित्रकाराला याहून मोठी अडचण ती कोणती? परंतु 'घेतलेली वाट सोडावयाची कशी' म्हणून ते रडत बसले नाहींत. रंग नसलेली रेखाकला, म्हणजे यांत्रिक आरेखन, त्यांनीं आपलेंसें केलें. तें शिकविण्याची नोकरी केली. आणि त्यांतूनच पुढें यंत्रांचा नाद लागला. माळावर त्यांच्याभोंवतीं जी माणसें जमलीं, तींही पाहावींत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कल्पना लढवीत. प्रत्येकाला आपलें काम सांपडलें होतें, आणि तें त्याच्या प्रमाणपत्रावरून ठरविलेलें नव्हतें.

याचा अर्थ उच्च शिक्षण व्यर्थ, असा मात्र कोणीं घेऊं नये. लक्ष्मणरावांनींच १९२२ सालीं आपले चिरंजीव शंतनुराव यांना अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेंत यंत्रशास्त्र शिकण्यास पाठविलें, आणि १९२६ सालीं पदवी घेऊन ते वाडीच्या कारखान्यांत परत आले. परंतु त्या मुलानें जाण्यापूर्वीं भट्टी पाहिली होती, नांगर ओतले जातांना पाहिले होते. जें शिकावयाचें तें कोठें लागू पडणार, हें घरांत सर्वांना ठाऊक होतें. आमच्या मतें खरी मेख येथें आहे. पदवीचें नांव आधीं आणि काम मागून, असा क्रम लागला कीं घोटाळा होतो. काम आधीं पाहिलें, कीं त्याला लागणारी पदवी कोणती तें पुष्कळदां आपोआप कळतें.

एका कर्जाचें गणित

आतां पैशाकडे वळूं. मनाचा कल कितीही स्पष्ट असला, तरी एकत्र कुटुंबांत एका मुलाचें शिक्षण म्हणजे दुसऱ्या मुलीचें लग्न, तिसऱ्याची फी आणि आजोबांचें औषधपाणी यांच्याशीं बांधलेलें असतें.

समजा, १० लाख रुपयांचें कर्ज काढलें, व्याज दरसाल १० टक्के, आणि फेड १० वर्षांत. वरवर पाहतां महिन्याचा हप्ता सुमारें १३,२०० रुपये येतो, आणि पुष्कळ घरांत हिशेब येथेंच संपतो. परंतु अभ्यासाचीं दोन वर्षें आणि पुढील एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत मिळाली, तरी व्याज कांहीं थांबत नाहीं. सारी रक्कम आरंभींच उचलली व व्याज सरळ पद्धतीनें धरलें, तर तीन वर्षांत ३ लाख रुपये मुद्दलावर चढतात. फेड १३ लाखांची होते, हप्ता सुमारें १७,२०० रुपयांवर जातो, आणि दहा वर्षांत बँकेकडे २० लाखांहून अधिक रक्कम पोंचती होते. त्याच दोन वर्षांत मुलानें महिना २०,००० रुपयांची साधी नोकरी केली असती, तर ४ लाख ८० हजार रुपये घरांत आले असते. तेही या शिक्षणाच्याच खर्चांत मांडावयास हवेत; कारण तेवढी मिळकत आपण सोडलेली असते.

हें गणित घाबरविण्यासाठीं नाहीं. शिक्षण चांगलें असेल आणि काम मनाजोगें असेल, तर हा पैसा पुन्हां उभा राहतो. परंतु पगारांतून १७,००० रुपये कापले गेल्यावर पुण्यामुंबईस खोलीचें भाडें भरून हातीं काय उरेल, हा प्रश्न कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वीं विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार ज्याला तो हप्ता भरावयाचा आहे त्याचा आहे. बागाईत तारण ठेवण्यापूर्वीं सरकारी योजनाही नीट पाहाव्यात. केंद्र सरकारनें २०२४ सालीं मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत ठराविक दर्जाच्या संस्थांत गुणवत्तेनें प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांस तारणाशिवाय व जामिनाशिवाय कर्ज मिळूं शकतें. आपली संस्था त्या यादींत आहे कीं नाहीं, एवढी चौकशीसुद्धां बरेंच कांहीं सांगून जाते.

वाटा आणि त्यांवरील खांचखळगे

फायनान्स घेऊन पदवीधर झालेल्यांपुढें आज ज्या मुख्य वाटा आहेत, त्यांतील प्रत्यक्ष काम कसें असतें तें आतां पाहूं.

सीए ही सर्वांच्या परिचयाची वाट. या व्यवसायाची संस्था १९४९ सालच्या कायद्यानें स्थापन झाली. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ५५ टक्के गुण असतील, तर पहिली फाउंडेशन परीक्षा न देतां थेट इंटरमीडिएटला बसतां येतें. २०२३ पासूनच्या नव्या पद्धतींत आर्टिकलशिप २ वर्षांची झाली आहे. कामाचा गाभा म्हणजे पडताळणी; दुसऱ्यानें लिहिलेला हिशेब तपासावयाचा, कायद्याचें कलम लावावयाचें, तारखा पाळावयाच्या. ज्याला बारकाव्यांचा कंटाळा नाहीं त्यानें हा मार्ग जरूर धरावा. येथें पैसा तुलनेनें थोडा लागतो. खर्च होतो तो वर्षांचा आणि मनोधैर्याचा. प्रत्येक पेपरांत किमान ४० टक्के आणि सबंध गटांत ५० टक्के, असा नियम असल्यामुळें एका पेपरांत ३९ गुण पडले तर बाकीच्या पेपरांत कितीही चांगले असोत, गट सुटत नाहीं. सर्व कांहीं पहिल्या खेपेस सुटलें, तरी साडेतीन-चार वर्षें जातात. आणि पहिल्या खेपेस सुटणारे थोडेच. तेव्हां घरांत दर निकालाला "या वेळीं तरी सुटलास का?" असें विचारणारीं माणसें असतील, तर त्यांची समजूत आधीं घालून ठेवावी.

कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे आजच्या भाषेंत सीएमए, ही वाट आमच्या भागांत असावी तितकी परिचित नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. या व्यवसायाची संस्था १९४४ सालीं निघाली व १९५९ सालीं तिला कायद्याचा आधार मिळाला. पदवीधरास येथेंही थेट इंटरमीडिएटला प्रवेश आहे. या कामाचा नमुना पाहावयास दूर जावयास नको. कुंडलच्या क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्याचेंच उदाहरण घ्या. एक टन उसापासून आमच्या बाजूस साधारण १०० ते १२० किलो साखर निघते. पण त्याच उसांतून मळी निघते, चोथाही निघतो, आणि तो जाळून वीज होते. आतां उसाची किंमत, तोडणी-वाहतूक आणि कामगारांचें वेतन यांतील किती वांटा साखरेवर टाकावयाचा, किती मळीवर, किती विजेवर? वांटा चुकला तर नफ्याचा माल तोट्याचा दिसतो आणि तोट्याचा नफ्याचा. १९३९ सालापासून भिलवडीस चाललेल्या चितळे यांच्या दुग्धव्यवसायाकडे पाहिलें, तरी दूध, लोणी व तूप यांच्याविषयीं हाच प्रश्न मनांत येईल. असा प्रश्न ऐकतांच ज्या मुलाचे डोळे चमकतात, त्याची ही वाट.

एमबीए. या पदवीविषयीं आम्ही दुधानें तोंड भाजलेले आहों, म्हणून विशेष जपून लिहितों. अहमदाबाद व कलकत्ता येथील आयआयएम १९६१ सालीं स्थापन झाल्या. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. अशा संस्थांचें मोल निर्विवाद आहे. मात्र जुन्या आयआयएमपैकीं कित्येकांचा दोन वर्षांचा खर्च आज २० लाखांच्या वर जातो. परंतु 'एमबीए' हीं तीन अक्षरें सर्व ठिकाणीं सारखीं दिसलीं, तरी त्यांचा बाजारभाव सारखा नसतो. संस्था निवडतांना सरासरी पगार विचारूं नये. मधला पगार विचारावा. पांच विद्यार्थ्यांपैकीं चौघांना वर्षाला ५ लाख आणि एकाला ३० लाख मिळाले, तर सरासरी १० लाख निघते. माहितीपत्रकांत १० लाख छापले म्हणून तें खोटें ठरत नाहीं. पण पांचांपैकीं एकालाही १० लाख मिळालेले नसतात! पगारांची उतरंड लावली कीं मधला आंकडा ५ लाख, आणि तोच आपल्या मुलाला मिळण्याचा संभव अधिक. फायनान्सच्या पदवीधरास हें सांगावें लागूं नये. पण आमच्या पुतण्याला आम्हीं तें माहितीपत्रक नीट वाचूंच दिलें नाहीं.

गणिताची गोडी असलेल्यांस आणखी दोन-तीन वाटा आहेत. अर्थशास्त्राचें उच्च शिक्षण घ्यावयाचें तर पुण्याची गोखले संस्था आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगींतून ती १९३० सालीं उभी राहिली, आणि तिचे पहिले संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनीं आपलें अर्थशास्त्र पुस्तकांत न ठेवतां प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचें अध्यक्षपद पत्करून शेतकऱ्यांच्या कामीं लाविलें. मुंबईस रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही आहे. दोन्ही ठिकाणीं संख्याशास्त्राचा पाया भक्कम लागतो, नुसत्या बी. कॉम.च्या गणितावर निभाव लागणें कठीण. दुसरी वाट विमागणिताची. अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्यांत विमा घरोघर पोंचला. पण विम्याचा हप्ता किती असावा हें ठरविणाऱ्या विमागणितज्ञाचा व्यवसाय असतो, हें अजून पुष्कळांच्या गांवीं नाहीं. परीक्षा पुष्कळ व कठीण, प्रवेशपरीक्षा निराळी, परंतु जाणकार थोडे. तिसरी वाट सीएफएची: शेअर, रोखे व कंपन्यांचें मूल्यमापन. परीक्षा अमेरिकन संस्थेची, टप्पे तीन, फी डॉलरांत, आणि सनदेसाठीं निदान ३ वर्षांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव आवश्यक.

राहिल्या बँकेच्या व सरकारी स्पर्धापरीक्षा. आत्याबाईंच्या 'कायमची नोकरी' या मुद्द्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु १९१६ सालीं निघालेली आमची सांगली बँक २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली, आणि साताऱ्याची १९३६ सालची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ सालीं आयडीबीआयमध्यें गेली. पाटी कायमची नसते. या परीक्षा जरूर द्याव्यात. मात्र किती वर्षें द्यावयाच्या ती मर्यादा आरंभींच कागदावर लिहून ठेवावी. नाहीं तर 'यंदा एकदांच' करतां करतां तिशी येते.

मध्यें थांबणें म्हणजे मागें पडणें नव्हे

वडील मंडळींना आणखी एक भीति असते. मुलगा एकदां कामाला लागला, कीं शिक्षण सुटलेंच! ही भीति खरी मानण्यापूर्वीं एका थोर पुरुषाचें चरित्र आठवावें. बालपणीं साताऱ्यास शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं कोलंबियास गेले, आणि तेथून लंडनच्या अर्थशास्त्रसंस्थेंत दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. १९१८ ते १९२० या काळांत त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविलें, पगारांतून पैसा मागें टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व मित्राचें कर्ज यांची जोड दिली, आणि ते पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ सालीं त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्या काळीं त्यांच्यापुढें ज्या अडचणी होत्या, त्यांच्या शतांशही आमच्या घरांतील मुलांपुढें नाहींत. नोकरी करून, पैसा सांठवून, मग शिकणें ही कमीपणाची वाट असती, तर ती त्या पुरुषानें चोखाळली नसती.

पहिल्या पदवीनेंच जन्माचा निकाल लागतो, हा समजही तसाच. महाडजवळ जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्रांत चमकले. आणि तेच पुढें १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बी. कॉम.ची पदवी म्हणजे दावण नव्हे.

मग आमच्या घरीं काय झालें?

त्या रात्रीं थोरले बंधु उठले, कपाट उघडलें आणि घरची कीर्द व खतावणी आणून त्यांनीं मुलीच्या पुढें ठेवली. बंधूंच्या डोळ्यांना पाणी आलें होतें, असें आम्हांस वाटलें. ते स्वतः मात्र चष्म्याची कांच पुसत राहिले. पुढील आठ दिवस ती मुलगी वह्या वाचीत होती. २०१९ च्या महापुरानंतर घरदुरुस्तीसाठीं काढलेलें कर्ज, बागेवरील कर्ज, सोसायटीची बाकी आणि बेदाण्याचे येणें तिनें एका पानावर मांडलें. शिक्षणासाठीं या घरांतून, कोणाचेंही दुसरें कांहीं न अडवितां, किती रक्कम निघूं शकते तो आंकडा तिनेंच काढला. तो आमच्या कल्पनेच्या निम्माही नव्हता.

मग तिनें निर्णयाची घाई केली नाहीं. दोन महिने सांगलीस एका ऑडिटच्या कचेरींत बसली, दोन महिने एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यांत. पहिल्या ठिकाणीं ती सायंकाळीं थकून घरीं येई. दुसऱ्या ठिकाणाहून येतांना वाटेंतच तिचें बोलणें सुरू होई. दिवाळीच्या सुटींत तिनें आमच्या बागेचाच हिशेब मांडला. औषधें, छाटणी, मजुरी, कर्जाचें व्याज, आणि आम्हीं आजवर कधींच न धरलेली घरच्या माणसांची मेहनत, हें सर्व मिळवून किलोमागें खर्च काढला. गेल्या पांच वर्षांपैकीं दोन वर्षें आम्हीं माल खर्चाच्या खालीं विकला होता, आणि त्या दोन्ही वर्षीं हातीं रोकड आली म्हणून समाधानानें जेवलों होतों!

तिनें सीएमएची वाट धरली आहे. सकाळीं अभ्यास, दुपारीं एका कारखान्यांत हिशेबाची नोकरी. खर्चाची मर्यादा आणि खेपांची मर्यादा दोन्ही तिनें स्वतःच लिहून दिल्या आहेत. येत्या डिसेंबरांत पहिल्या गटाची परीक्षा आहे. ती सुटेल कीं नाहीं हें आज कोणी सांगावें? परंतु नाहींच सुटली, तरी बाग तिच्यासाठीं गहाण पडलेली नसेल, आणि काय पणास लावलें होतें हें तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल.

आणखी एक गोष्ट घडली. थोरल्या पुतण्याच्या कर्जाचा हप्ता आजवर तो एकटा भरीत होता. कीर्द उघडल्यावर तो घरच्या जमाखर्चांत धरला गेला. सर्वांनीं मिळून घेतलेल्या निर्णयाचा भार एकानेंच कां वाहावा, असा प्रश्न धाकट्या बहिणीनें विचारला, आणि त्याला कोणापाशींच उत्तर नव्हतें. आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो पुण्याहून येतो, आणि सोप्यावर सर्वांदेखत कीर्द वाचली जाते. आत्याबाईसुद्धां ऐकावयास बसतात; व्याजाचा आंकडा आला कीं अजून त्या "अगबाई!" म्हणतात.

येत्या जूनमध्यें ज्यांच्या घरीं निकाल लागावयाचे आहेत, त्या गृहस्थांस आमची एवढीच विनंति आहे: मुलांना चार उपदेश करण्यासाठीं सोप्यावर येऊन बसण्यापूर्वीं कपाटांतील ती वही बरोबर घेऊन यावी.